मेहुण्याचा बाक

नाताळच्या आदल्या रविवारी जो कापेल्लेत्ती, म्हणजे सुपात सोडायच्या सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या टोप्या, वळायला येणार नाही, त्याला नाताळच्या दिवशी त्यांचं सूप मिळणार नाही, हा सासूबाईंचा कायदा होता आणि त्यात आजवर कुणालाही सूट मिळाली नव्हती. त्यांच्या मुलीला, लोरेताला, पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या होत्या, तरी तिने आपला ट्रे भरला आणि मगच दवाखाना गाठला होता. म्हणून फिओरेन्झा आली. सहा आठवडे ज्या नणंदेचं तोंड पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्याच नणंदेशेजारी ती आता कोपराला कोपर लावून बसली होती. टेबलावर पिठी भुरभुरलेला लांबलचक पाट होता, मध्ये सारणाचं पातेलं होतं आणि पलीकडे फडताळावर रेडिओ होता. अडीच वाजता फुटबॉलची मॅच सुरू होणार होती.

"सारण फार भरतेस तू," लोरेता म्हणाली. सहा आठवड्यांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

"आमच्याकडे हात आखडता घ्यायची पद्धत नाही."

"उकळताना फुटतात मग."

"फुटू देत. निदान शेवटपर्यंत एकाच पातेल्यात राहतात."

"तोंडं बंद आणि बोटं चालू," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांत चकती, सारणाची गोळी, एक दुमड, एक चिमटा आणि छोटी टोपी तयार, हे सगळं खाली न पाहता होत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला खाली पाहायला वेळ नव्हता, कारण तिला दोन सुनांसारख्या भांडणाऱ्या या दोघींवर नजर ठेवायची होती.

पाटाच्या मधोमध फिओरेन्झाचा नवरा एल्पिदिओ बसला होता. आल्या आल्या त्याने सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या. "लोरेता, तू चकत्या काप. फिओरेन्झा, सारण तुझं. आई, तू वळ. मी मध्ये बसून दोन्हीकडे पुरवतो. नाझ्झारेनोकाका, तुम्ही कशालाही हात लावू नका." हे सगळं आपली आई साठ वर्षं असंच करत आली आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. फिओरेन्झाने मात्र डोळे मिटून घेतले. काढून टाकलेला कोच घरात ठेवणं म्हणजे काय, हे इथे फक्त तिलाच माहीत होतं.

या देशात कोचला काढतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एल्पिदिओला याआधी चार क्लबांनी काढलं होतं आणि त्यांतल्या दोघांनी परतही बोलावलं होतं. काढलेल्या कोचचा पगार करार संपेपर्यंत चालूच राहतो. नवा माणूस हरायला लागला की, घरी बसून पगार खाणाऱ्या जुन्याची अध्यक्षांना आठवण येते. या वेळी त्याला काढणाऱ्या मोंतेलाउरो क्लबचे अध्यक्ष स्कोपोनी यांचा बुटांचा कारखाना होता आणि एका पायाचा बूट वाया गेला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. शुक्रवारी त्यांनी चौकातल्या बारमध्ये सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "रविवारी हरलो, तर सोमवारी एल्पिदिओला फोन." हे वाक्य रात्रीपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात पोचलं होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. सध्या एल्पिदिओच्या जागी कोचच्या बाकावर बसलेला माणूस दुसरा कुणी नव्हता, लोरेताचा नवरा ग्वाल्तिएरो होता. तो एल्पिदिओचा सख्खा मेहुणा आणि नऊ वर्षं त्याचा सहायक. कोचला काढलं की सहायकानेही आपली पिशवी उचलायची आणि त्याच्या मागोमाग दारातून बाहेर पडायचं, हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना पाठ असतं. ग्वाल्तिएरोने पिशवी उचलली होती. अध्यक्षांनी "तू थांब" म्हटल्यावर त्याने ती खाली ठेवली.

"लावू का रेडिओ?" नाझ्झारेनोकाकांनी विचारलं. सासूबाईंचे हे धाकटे दीर. आजची मॅच बाहेरगावी होती, म्हणून ते घरी होते. मोंतेलाउरोची एकही घरची मॅच त्यांनी चुकवलेली नव्हती आणि शिट्ट्या मारून हैराण केला नाही असा एकही कोच सोडला नव्हता, सख्ख्या पुतण्यासकट. "आमचं प्रेम क्लबवर. तुम्ही काय, येता आणि जाता," असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"लावा," लोरेता म्हणाली.

"नाही लावला तरी चालेल," फिओरेन्झा म्हणाली. आत मात्र तिने मघाशी हात धुताना देवाकडे एक छोटंसं मागणं मागून घेतलं होतं. ग्वाल्तिएरो हरू दे. फार नको, एका गोलाने पुरे. नाताळच्या तोंडावर असं मागणं बरं दिसत नाही, हे तिला कळत होतं. पण तिला नवरा घराबाहेर हवा होता, आणि मान खाली घालून नको, ताठ मानेने हवा होता.

सहा आठवडे एल्पिदिओ घर चालवत होता. म्हणजे त्याने सोफा खिडकीजवळ सरकवला, कारण "तिथून पूर्ण खोली दिसते." त्याने भांड्यांची फडताळं बदलली. तिला मीठ सापडेना. फरशी पुसताना तो तिला म्हणाला, "तू एकाच बाजूने खेळतेस." एकदा बटाटे सोलताना त्याने शिट्टी वाजवली. पण फिओरेन्झा या सगळ्यावर हसली असती. तिला हसू येत नव्हतं ते पावाचं. घराच्या खालीच बेकरी होती आणि तो रोज सकाळी उठून सरावाच्या मैदानापलीकडच्या बेकरीतून पाव आणत होता. गार पाव. आणि त्याला यायला लागणारा वेळ पाव आणायला लागणाऱ्या वेळापेक्षा बराच जास्त होता. ती काही विचारत नसे.

मॅच सुरू झाली आणि विसाव्या मिनिटाला मोंतेलाउरोवर गोल झाला.

"बघा," काका म्हणाले. "मी म्हणतच होतो. या ग्वाल्तिएरोला कोच कुणी केलं? मैदानाच्या कडेने, विंगवर धावायचा आयुष्यभर. विंगवाल्याला मैदानाचा अर्धाच भाग माहीत असतो."

"मागच्या महिन्यात तुम्ही म्हणत होतात एल्पिदिओला कुणी कोच केलं," लोरेता म्हणाली.

"तेव्हा एल्पिदिओ होता ना."

फिओरेन्झाने गालात हसू दाबलं आणि पुढच्या चकतीत नेहमीपेक्षा जास्त सारण भरलं. मग तिची नजर नवऱ्याच्या हाताकडे गेली. एल्पिदिओने वळलेल्या कापेल्लेत्तींतल्या अकरा वेगळ्या काढून पाटावर मांडल्या होत्या. एक मागे, चार पुढे, मग चार, मग दोन. रेडिओवरचा माणूस ओरडत होता की समोरच्या संघाचा सात नंबर पुन्हा त्याच बाजूने आत शिरला. एल्पिदिओचं बोट डाव्या कोपऱ्यातल्या टोपीवर थांबलं.

"तो पोरगा एकटा पडलाय," तो स्वतःशीच पुटपुटला.

"कोण पोरगा?" फिओरेन्झा म्हणाली.

"आपला डावीकडचा. एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या मदतीला कुणी येत नाहीये. आठ नंबरने खाली यायला हवं." आणि त्याने मधली एक टोपी उचलून डाव्या टोपीच्या शेजारी ठेवली.

फिओरेन्झाने ती टोपी उचलली आणि ट्रेमध्ये टाकली. "आपला म्हणजे कुणाचा? तो ग्वाल्तिएरोचा पोरगा आहे. पडू दे एकटा."

सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या आणि त्यांची बोटं पहिल्यांदाच थांबली.

दुसऱ्याच्या मदतीला धावायची ही एल्पिदिओची जुनी खोड होती आणि त्याची सगळी कारकीर्द या खोडीवर उभी होती. मैदानाच्या मध्यात तो पंधरा-एक वर्षं खेळला. लीगच्या तीन विभागांत, नऊ क्लबांकडून, आणि एक हंगाम थेट पहिल्या विभागात. त्याचं काम एवढंच होतं की प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकवायचा आणि जवळ दिसेल त्याला देऊन टाकायचा. गोल ज्याने केला त्याचा फोटो यायचा. सोमवारच्या पेपरात प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. एल्पिदिओला कायम सहा मिळाले. सहा म्हणजे पास. पेपरवाल्याच्या तो नजरेस पडला नव्हता, पण त्याच्याविरुद्ध तक्रारही नव्हती. सासूबाई तो अंक बेकरीत दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या पोराला पुन्हा सहा." कोच झाल्यावरही तो तसाच राहिला. त्याच्या हाताखाली नाव कमावलेल्या पोरांची मुलाखत येई आणि तीत त्याचं नाव नसे.

फिओरेन्झाला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून एल्पिदिओ हात धुवायला उठला तेव्हा त्याचा फोन तिने हळूच उचलला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. वर आणखी दोन ओंजळी पीठ टाकलं.

अर्ध्या वेळेची शिट्टी झाली. एल्पिदिओ उठून संडासात गेला. सासूबाईही उठल्या. "कोठारातून अंडी आणते," म्हणाल्या.

"मी आणते ना," लोरेता म्हणाली.

"तुला माहीत नाहीत कुठली."

काका सिगरेट ओढायला बाल्कनीत गेले. टेबलाशी दोघी राहिल्या.

"तू हरायची वाट बघतेयस," लोरेता म्हणाली.

"तू माझ्या जागी असतीस तर?"

लोरेताने चकती कापायचा पेला खाली ठेवला. "फिओरेन्झा, माझ्या पोरीचं शिक्षण चालू आहे. ग्वाल्तिएरोला त्यांनी विचारलं तेव्हा तो रात्रभर झोपला नाही. मीच म्हटलं थांब. शिव्या द्यायच्या तर मला दे."

"दिल्यात. मनातल्या मनात. रोज."

"किती?"

"भरपूर."

लोरेताला हसू आलं होतं, पण तिने ते आवरलं. तेवढ्यात रेडिओ पुन्हा बोलायला लागला, एल्पिदिओ येऊन मान खाली घालून बसला आणि सासूबाई दोनच अंडी घेऊन परतल्या. अंड्यांचं आता काहीच काम नव्हतं.

दुसरा अर्धा सुरू होताच रेडिओवरचा माणूस म्हणाला की ग्वाल्तिएरोने आठ नंबरला खाली ओढून डाव्या बाजूला उभं केलं आहे. फिओरेन्झाने नवऱ्याकडे पाहिलं. तो एका टोपीची कड चिमटत होता आणि ती कड आधीच चिमटलेली होती. तिने पिठाच्या डब्याकडे पाहिलं. झाकण बंद होतं. फोन आतच होता.

दहा मिनिटांनी मोंतेलाउरोने बरोबरी साधली.

लोरेता किंचाळली. काका बाल्कनीत होते, दुसरी सिगरेट पेटवत. त्यांनी काचेतून आत पाहिलं, आनंदाने दोन्ही हात वर केले आणि दाराकडे वळले. पण लोरेता त्यांच्याआधी दाराशी पोचली होती. तिने खिट्टी लावली.

"काय करतेस?" फिओरेन्झा म्हणाली.

"गोल झाला तेव्हा काका बाहेर होते. आता मॅच संपेपर्यंत काका बाहेरच."

या घरात यावर कुणी वाद घातला नसता. गोल होताना जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. याच कारणाने सासऱ्यांनी एकदा अख्खा दुसरा अर्धा शेजाऱ्याच्या जिन्यात काढला होता. पण फिओरेन्झाला आज अचानक दया आली.

"अगं, डिसेंबर आहे. सत्तरीचा म्हातारा. न्यूमोनिया होईल."

"कोट घातलाय त्यांनी."

"मफलर नाही."

"मफलर मी देते," लोरेता म्हणाली, पण दार उघडल्याशिवाय मफलर देता येईना. दोघी दाराशी उभ्या राहिल्या, एकीचा हात खिट्टीवर आणि दुसरीचा हात पहिलीच्या हातावर, दोघींचे हात पिठाने माखलेले. फिओरेन्झाने खिट्टी अर्धी ओढली. काचेपलीकडे काका घाईघाईने मान हलवत होते. ते काहीतरी बोलत होते. फिओरेन्झाने फट उघडली.

"बंद कर," काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "बंद कर म्हणतो ना. मी आत येणार नाही. वेडी झालीस का?"

"काका, आजारी पडाल."

"पडेन. सोमवारी पडेन." आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

फिओरेन्झा जागेवर येऊन बसली. तिचा एकुलता एक वकील तिच्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला होता. मॅच संपायला थोडा वेळ असताना, डावीकडच्या त्याच एकोणीस वर्षांच्या पोराने पुढे धावत जाऊन पास दिला आणि दुसरा गोल झाला. बाल्कनीत काका एका पायावर नाचले. लोरेता रडत होती. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. आणि एल्पिदिओने, ज्याला आज हरण्याचा सर्वात जास्त फायदा होता त्या माणसाने, दोन्ही मुठी टेबलाखाली घट्ट आवळल्या आणि सोडल्या. फिओरेन्झाने ते पाहिलं. तिला त्याचा इतका राग आला की तिला त्याला मिठी मारावीशी वाटली. तिने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत.

संध्याकाळी ग्वाल्तिएरो आला. क्लबच्या बसने त्याला कोपऱ्यावर सोडलं होतं. तो दारात उभा राहिला, हातात केकचा खोका, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच या घरात शिरत असल्यामुळे पाय पुसत राहिला.

"आत ये, पायपुसणं झिजेल," सासूबाई म्हणाल्या.

टेबलावर सलामी, पाव आणि भाजलेले चेस्टनट होते. कापेल्लेत्तींचे ट्रे पांढऱ्या कापडाखाली झाकलेले होते, त्यांना नाताळपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता. काका दोन ब्लँकेटांत गुंडाळून शेगडीजवळ बसले होते आणि प्रत्येक शिंकेनंतर समाधानाने हसत होते.

ग्वाल्तिएरोने वाइनचा पहिला पेला एका दमात संपवला. मग तो एल्पिदिओकडे वळला. "तू फोन केला नसतास तर आज माझं काही खरं नव्हतं."

"कुठला फोन?" फिओरेन्झाने विचारलं.

"अर्ध्या वेळेतला. मी ड्रेसिंग रूममध्ये ओरडत होतो. स्क्रीनवर सासूबाईंचं नाव आलं. मॅचच्या मध्ये सासूबाईंचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असंच वाटलं मला. मी पोरांना म्हटलं, गप्प बसा, घरी कुणीतरी वारलंय. उचलला तर एल्पिदिओ. म्हणतो, आठ नंबरला खाली ओढ. मी विचारलं, वारलंय कोण? तो म्हणाला, तू वारशील, जर आठ नंबर खाली आला नाही तर."

फिओरेन्झाने सासूबाईंकडे पाहिलं. "अंडी आणायला गेला होतात तुम्ही."

"आणली की. दोन." सासूबाईंनी चेस्टनटचं साल काढलं. "माझा एक पोरगा घरी बसलाय आणि एका पोरीचं घर त्या बाकावर चालतंय. मी कुणाच्या हरण्याची प्रार्थना करायची, ते सांग मला. त्याला बोलायचं होतं, मी फोन दिला."

"माझा फोन सापडेना म्हणून," एल्पिदिओ हळूच म्हणाला.

"तो विषय नंतर," फिओरेन्झा म्हणाली.

ग्वाल्तिएरोने दुसरा पेला भरला, पण प्यायला नाही. "बसमध्ये अध्यक्ष माझ्या शेजारी बसले. म्हणाले, तू राहतोस. मी म्हटलं, मला सहायक हवा. एकट्याला जमत नाही. ते म्हणाले, नवा माणूस नाही, नवा पगार तर नाहीच नाही. मग मी म्हटलं..." त्याने घसा साफ केला. "मी म्हटलं, पगार घेणारा एक माणूस घरी बसलाय."

हे समजायला सगळ्यांना एक क्षण लागला. सर्वात आधी लोरेता उठली, आणि तिची खुर्ची मागे पडली.

"तू माझ्या भावाला तुझा सहायक व्हायला सांगतोयस?"

"लोरेता, तूच तर..."

"मी तुला थांब म्हटलं होतं. त्याला चेंडू गोळा करायला लाव, असं नव्हतं म्हटलं. याने तुला कामाला लावलं. तुझ्या लग्नात याने तुला सूट दिला. आणि आता हा तुझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरणार?"

"अजिबात नाही भरणार," फिओरेन्झा म्हणाली. तीही उठली होती, आणि दोघी टेबलाच्या एकाच बाजूला उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून. "चौकात काय म्हणतील? ज्याला काढलं तो ज्याने जागा घेतली त्याच्या मागे पिशवी घेऊन फिरतोय? ग्वाल्तिएरो, स्कोपोनीला सांग, त्याच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा बूट घे आणि..."

"फिओरेन्झा," सासूबाई म्हणाल्या.

"...आणि त्यात आपलं डोकं घाल."

"बरोबर आहे," लोरेता म्हणाली.

काका शिंकले. "मी तर शिट्ट्या मारीन," ते म्हणाले. "दोघांनाही."

ग्वाल्तिएरोचे कान लाल झाले होते. त्याने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. "मला दुसरं सुचलं नाही," तो म्हणाला. "तो नसला की मला बाकावर एकटं वाटतं. सहा आठवडे मी चुकून डाव्या जागेवर बसतोय, माझ्या जुन्या जागेवर. मधली जागा रिकामी ठेवून."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. एल्पिदिओने हातातला चेस्टनट खाली ठेवला.

"मंगळवारी सराव किती वाजता?" त्याने विचारलं.

"एल्पिदिओ," लोरेता म्हणाली.

"मी फक्त वेळ विचारतोय."

फिओरेन्झाने त्याच्याकडे वळून पाहिलं, भांडायच्या पूर्ण तयारीने. सहा आठवडे तिने त्याच्या अब्रूची राखण केली होती. गावातल्या प्रत्येक टोमण्याला तिच्याकडे उत्तर तयार होतं. आणि तिला दिसलं की यातलं काहीही त्याच्या चेहऱ्यावर नाही. राग नाही, लाज नाही, मोठेपणाही नाही. बावीस वर्षांचा असताना पहिल्यांदा त्याचं नाव अकरा जणांत लागलं होतं आणि ती तेव्हा काम करायची त्या दुकानात तो ते सांगायला पळत आला होता, तेव्हा तो असाच दिसत होता. अपमान तिचा झाला होता. त्याच्याकडून फक्त मैदान काढून घेतलं होतं, आणि आता कुणीतरी त्याला ते परत देत होतं. कुठल्या दाराने, याची त्याला फिकीरच नव्हती. हा माणूस आपल्याला कधीच पुरता कळला नाही, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्यावर तिचा पुन्हा जीव जडला. ती बसली.

"साडेनऊला," ग्वाल्तिएरो घाबरत म्हणाला. "पण तू नऊला आलास तर बरं. डाव्या बाजूचं आधी बोलून घेऊ."

एल्पिदिओने बायकोकडे पाहिलं. तो परवानगी मागत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा परवानगी मागत होता.

फिओरेन्झाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोरेताने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आठला ने त्याला," फिओरेन्झा ग्वाल्तिएरोला म्हणाली. "आणि अंधार पडेपर्यंत घरी पाठवू नकोस."